येसनाकाच्या मागनं

बिल्ला माझ्या बापानं मुठा नदीत टाकला ही गोष्ट खरी आहे. त्याबद्दल मला कोणाची माफी मागायची नाही, आणि त्यावर कोणी हळहळलेलंही मला चालत नाही.

पितळेचा होता. तळहाताएवढा, पट्ट्यात ओवायला दोन बाजूंना भोकं. गोऱ्या साहेबाच्या मोजणीत माझ्या बापाचा पणजा येसनाक पुढं चालला, म्हणून त्याला तो मिळाला. घरात तो देवांच्या टाकांशेजारी ठेवलेला असे. दसरा आला की चिंच आणि राख लावून तो घासायचं काम माझ्याकडं. घासून झाला की आई त्याला शेंदूर लावायची. घासताना बोटाला खाचा लागायच्या. नक्षी असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ती अक्षरं असतील, त्यात कदाचित नाव असेल, हे सुचणार कोणाला? वाचणारं घरात कोणी नव्हतंच. मी स्वतः अक्षरं शिकले तेव्हा माझा मुलगा कॉलेजात जात होता.

बापानं धम्म घेतला त्या वर्षी धायरीतल्या आमच्या वस्तीतल्या घराघरातून टोपल्या निघाल्या. खंडोबा, मरीआई, मुंजा, काय काय होतं ते सगळं टोपलीत आणि टोपली नदीत. बिल्ल्याला शेंदूर लागलेला होता. शेंदूर लागलेलं काही घरात ठेवायचं नाही असं ठरलेलं होतं. तोही गेला. बापानं मागं वळून पाहिलं नाही, आणि पुढं मरेपर्यंत कधी त्याची आठवण काढली नाही.

येसनाकाची आठवण मात्र काढायचा. ती सांगायची तर शीव चालवणं म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल.

दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की पाटील, कुलकर्णी, शेतवाले सगळे बाजूला व्हायचे आणि महाराला पुढं काढायचे. डोक्यावर शिवेची माती, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो चालेल ती शीव. खोटा चालला तर त्याचा निर्वंश होईल, अशी शपथ त्याला घालायची. शेत दुसऱ्याचं, भांडण दुसऱ्याचं, निर्वंश मात्र याचा. एक मान त्यात होता. तो चालत असताना त्याच्या पुढं कोणी पाऊल टाकायचं नाही, पाटलानंसुद्धा नाही. त्या एका दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी हाच माणूस पाटलाच्या दारात भाकरीला उभा असायचा.

धायरीची शीव येसनाकानं अशी चालून दाखवली आणि साहेबाची मोजणीची साखळी त्याच्या मागनं आली. नकाशावरची ती रेघ म्हणजे त्याचे पाय आहेत. माझा बाप एवढंच सांगायचा.

माझी नात उत्कर्षा इतिहास शिकली. नदीपलीकडच्या एका संस्थेत तिला कंत्राटावर काम मिळालं. जुने कागद आणि नकाशे जपणारी संस्था आहे. नाव मी लिहीत नाही, त्यांना फुकटची प्रसिद्धी कशाला. तिथं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. कॅप्टन विन्स्लेड नावाच्या मोजणीदारानं पुण्याच्या आसपासची गावं कशी मोजली, त्याचं. त्याच्या खापरपणतीनं इंग्लंडहून त्याचे कागद आणि नकाशे संस्थेला दिले होते आणि उद्घाटनाला ती स्वतः येणार होती. भिंतीवर लावायचे फलक लिहायचं काम उत्कर्षाकडं होतं.

एका संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"आजी, तुझा येसनाक सापडला."

"कुठं?"

"विन्स्लेडच्या रिपोर्टमध्ये. मूळ हँडरायटिंगमध्ये आहे. धायरीच्या शिवेवर एक महार डोक्यावर माती घेऊन पुढे चालला, त्याच्यापुढे जायला कोणी तयार होईना, मी घोड्यावर त्याच्या मागून गेलो. असं लिहिलंय. एक्झॅक्टली तू सांगतेस तसं."

"आणि नाव?"

"नाव नाही. नुसतं, एक महार."

मी भाकरी उलटली आणि विचारलं, "घोड्याचं नाव हाय का?"

ती हसली. मग मोबाइलवर रिपोर्टच्या पानाचा फोटो उघडून पाहायला लागली. बोटांनी मोठा करत एकेक ओळ उतरत गेली.

"आहे," ती म्हणाली. "डचेस."

ती भाकरी करपली. मला त्या वेळी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. घोडीला नाव. माणूस एक महार.

उत्कर्षानं फलक लिहिला. मला वाचून दाखवला. 'धायरीची शीव येसनाक, राहणार धायरी, याने चालून दाखवली. त्याच्या मागून जात कॅप्टन विन्स्लेड यांनी ती मोजली.' दोनच वाक्यं, त्यात कोणाची निंदा नाही. इतर फलकांबरोबर तो छापूनही आला. आणि लावायच्या वेळी संस्थेच्या चिटणीसांनी तो बाजूला ठेवायला सांगितला. त्याच्या जागी दुसरा आला. 'ही सीमा कॅप्टन विन्स्लेड यांनी स्थानिक मदतनिसांच्या साहाय्याने आखली.'

उत्कर्षा मला हे सांगायला तयार नव्हती. तिच्या जेवणावरून मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वारगेटची बस धरली, तिथून दुसरी, आणि संस्थेत जाऊन चिटणीसांच्या दारात उभी राहिले. अनिरुद्ध सर त्यांचं नाव. साठीचे, खादीचा झब्बा, आवाज इतका हळू की समोरच्याला वाकावं लागतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. अपमान करायचा असला की पुण्यात आधी पाणी देतात.

"आपण उत्कर्षाच्या आजी. वा. आपल्याविषयी ऐकलंय. बोला."

"फलक का काढला?"

"काढला नाही. थांबवलाय. हे पाहा आजी, रिपोर्टमध्ये एक महार आहे, हे मान्य. तो आपलाच, आणि त्याचं नाव येसनाक, कशावरून?"

"गावात शीव दाखवायचं काम आमच्या घराकडं होतं. समदं गाव सांगंल."

"गाव आता कुठे राहिलंय धायरीत? फ्लॅट आहेत." ते स्वतःशीच हसले. "आठवणीला आम्ही नाकारत नाही. पण संस्था पुराव्यावर चालते."

मी त्यांना बिल्ल्याची गोष्ट सांगितली. खाचांची पण. ते पुढं झुकून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"अरेरे. म्हणजे नाव हातात होतं तुमच्या. सर्व्हेचा बिल्ला म्हणजे केवढा ठेवा. तुम्ही लोकांनी त्या काळी भावनेच्या भरात फार काही बुडवलंत हो."

"भावनेच्या भरात न्हाई, साहेब. पुऱ्या शुद्धीत."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचं होतं. आन् त्याला शेंदूर का लागला ते इचारा की. साळंत आम्हाला बसू दिलं असतं तर तो वाचला असता, पुजला नसता."

त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला, बघितला, परत ठेवला. मग एकदम मऊ झाले.

"आजी, फलकाचं राहू द्या. आपल्याला एक विनंती करणार होतो. उत्कर्षाकरवीच करणार होतो." हॉलच्या फरशीवर त्यांनी विन्स्लेडचा धायरीचा नकाशा मोठा करून पसरला होता. लोकांनी बूट काढून त्यावर चालायचं अशी कल्पना. "उद्घाटनाला पाहुण्या बाई त्यावरून शीव चालणार आहेत, त्यांच्या पूर्वजांसारख्या. त्यांच्या पुढे तुम्ही चाललात तर? डोक्यावर मातीची टोपली, खांद्यावर घोंगडी. काठी घुंगरांची मिळाली तर उत्तम. जिवंत परंपरा. शाल, श्रीफळ देऊन आम्ही आपला सन्मान करू."

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. खरंच त्यांना वाटत होतं की ते मला काहीतरी देतायत.

नावाला पुरावा पाहिजे. घोंगडीला नको. काठीला नको. ती आमचीच, त्याबद्दल कोणाला कधी शंका आली नाही.

"नाव लावा," मी म्हटलं. "मग मी येते."

"बघतो," ते म्हणाले. "तात्पुरतं काहीतरी करता येईल."

बाहेर उत्कर्षा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जिन्यात मला थांबवलं.

"आजी, तू हो म्हणालीस? तमाशा करायचाय त्यांना तुझा. मी आत्ताच्या आत्ता रिझाइन करते."

"कर. मग नाव कोन लावणार?"

"मग तू ती काठी हातात घेणार?"

मी जिना उतरायला लागले. ती काठी काय आहे हे तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. धम्म घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावाशी ओढ्यावरून भांडण लागलं. पाटलाचा माणूस वस्तीवर आला आणि बापाला म्हणाला, काठी घे, शीव चालवायची हाय. बाप म्हणाला, तुमची शीव तुम्ही चालवा, काठी चुलीत घातली. त्या उन्हाळ्यात आम्हाला विहिरीवर कोणी पाणी घालेना. माझी आई डोक्यावर हंडा घेऊन नदीपर्यंत जायची. ज्या नदीत देव टाकले त्याच नदीचं पाणी आम्ही प्यायलो, आणि बाप म्हणायचा, गोड लागतंय. ती काठी पुन्हा या घरात यायची नाही, हे त्याचं बोलणं मला पाठ आहे.

म्हणजे येसनाकाचं नाव हवं तर बापाचा शब्द मोडायचा. बापाचा शब्द पाळायचा तर येसनाक मदतनीसच राहायचा. असा फास त्या हळू आवाजाच्या माणसानं पाणी पाजून माझ्या गळ्यात घातला होता. उद्घाटनापर्यंत मी नीट झोपले नाही, आणि उत्कर्षा माझ्याशी धड बोलली नाही.

त्या दिवशी मी पांढरी साडी नेसले. आम्ही दोघी लवकरच पोचलो. हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. भिंतीवर कॅप्टनाचं चित्र, मिशा, पट्टा, सगळं. त्याच्या शेजारी मदतनिसांचा तो फलक, आणि त्याच्याखाली एक साधा कागद चिकटपट्टीनं लावलेला. 'मौखिक परंपरेनुसार येसनाक यांचाही सहभाग.' पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा एक कोपरा उडत होता.

फलक ठोकणारा समाधान तिथंच हत्यारं आवरत होता.

"समाधान, बाकी सगळं छापलेलं. ह्योच कागद का रं?"

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "सर म्हटले, आजच्यापुरता लाव. काढायला सोपा पाहिजे."

"आन् छापलेला फलक?"

"स्टोअरमध्ये हाय. भितीकडं तोंड करून ठिवलाय."

उत्कर्षानं माझ्याकडं पाहिलं. मी तिला म्हटलं, "बस. जागेवर बस."

लोक जमले. पुण्यातले नकाशाप्रेमी, निवृत्त अधिकारी, दोनचार प्राध्यापक. पाहुण्या बाई आल्या. उंच, वयस्कर, चालताना गुडघा धरत होत्या. सगळ्यांनी बूट काढले. अनिरुद्ध सरांनी आधी इंग्रजीत, मग मराठीत भाषण केलं. शिवेची प्रथा त्यांनी फार छान समजावून सांगितली. माती, शपथ, निर्वंश, सगळं. माझ्याकडं हात करून म्हणाले, "आणि या माणसाच्या पुढे पाऊल टाकायची कोणाचीही, अगदी पाटलाचीही, हिंमत नसे. आज आपण सारे श्रीमती मुक्ताबाईंच्या मागून जाणार आहोत." टाळ्या झाल्या.

तेवढ्यात एक मुलगी घोंगडी घेऊन आली. कोरी होती, दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. काठीला घुंगरं बांधलेली. मी दोन्हीला हात लावला नाही. मी नकाशावर गेले, धायरी शोधली, शीव जिथं सुरू होते तिथं पोचले आणि मांडी घालून खाली बसले.

आधी सगळ्यांना वाटलं हाही प्रथेचाच भाग. कोणीतरी फोटो काढला. मग वेळ जायला लागला.

"आजी, चला ना," अनिरुद्ध सर हसत म्हणाले.

मी कागदाकडं बोट केलं. "तो काढा. छापलेला लावा. मग बघू."

मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "कार्यक्रमपत्रिकेत बैठा सत्याग्रह नव्हता."

त्यांच्या शेजारचे म्हणाले, "निदान तो वेळेवर सुरू झाला."

अनिरुद्ध सर माझ्याजवळ उकिडवे बसले. आता त्यांचा आवाज हळू राहिला नव्हता, नुसता दाबलेला होता.

"हे आपल्याला शोभत नाही. परदेशी पाहुण्या आहेत."

"बसू द्या त्यांना. खुर्च्या हायत."

"कार्यक्रम होऊन जाऊ दे. मी फलक लावतो. शब्द देतो."

"शब्दाला पुरावा काय?"

ते उठले. पाहुण्या बाईंना इंग्रजीत काहीतरी म्हणाले, हातानं पुढं चला अशी खूण केली. मला वळसा घालून जायचा बेत असावा. बाईंनी एक पाऊल नकाशावर ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. मग पाऊल मागं घेतलं आणि त्यांना काही विचारलं. त्यांचं बोलणं मला कळलं नाही, पण दोनतीन लोक हसले. आत्ताच तर त्यांना सांगितलं होतं की हिच्या पुढं कोणी जात नाही. ते खरं की खोटं, एवढंच विचारत होत्या, हे उत्कर्षानं मला नंतर सांगितलं.

उत्कर्षा उठली आणि तिनं इंग्रजीत सगळं सांगितलं. घोडीचं नावही सांगितलं, तेवढं मला ऐकू आलं. बाईंनी कॅप्टनाच्या चित्राकडं पाहिलं, मग खुर्ची मागितली. चांगली बाई होती की वाईट, मला माहीत नाही. तिचे पाय दुखत होते. माझेही दुखत होते. मी तिच्यासाठी बसले नव्हते.

हॉलमध्ये कुजबुज वाढली. चहाचा ट्रे आला आणि दारातच थांबला. एवढी सगळी शिकलेली माणसं मोज्यांवर उभी, आणि नकाशाच्या कडेवरून पुढं यायला कोणी तयार नाही. कोणी त्यांना अडवलं नव्हतं. भाषणच त्यांनी इतकं चांगलं ऐकलं होतं.

शेवटी अनिरुद्ध सर समाधानकडं न बघता म्हणाले, "तो बोर्ड आण."

समाधान फलक घेऊन आला. स्टूल मांडलं. मदतनिसांचा फलक काढला, कागद काढला, नवीन वर धरला. चिकटपट्टी लावायला गेला तर मी म्हटलं, "स्क्रू." त्यानं ड्रिल लावलं. सगळ्या हॉलमध्ये त्याचा आवाज भरला, आणि कॅप्टनाच्या चित्रावर भिंतीचा पांढरा भुगा पडला. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मी बसल्या जागेवरून वाचलं. येसनाक, राहणार धायरी. एकेक अक्षर. मला वाचायला वेळ लागतो, आणि त्या दिवशी मी मुद्दाम आणखी लावला.

मग हातावर जोर देऊन उठले. कडेला जाऊन चपला घातल्या.

"आजी," अनिरुद्ध सर म्हणाले. त्यांच्या हातात ती घोंगडी होती. "आपण चालणार होतात."

"चालणारा चालून गेला, साहेब. वर नाव लिवलंय त्याचं. जा त्याच्या मागनं."

आम्ही बाहेर पडलो. आत पुढं काय झालं, चालले की नाही, मी विचारलं नाही. बसमध्ये उत्कर्षा खिडकीकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि हसता हसता म्हणाली, "आजी, माझं काँट्रॅक्ट गेलं बघ."

गेलंच. प्रकल्प संपला, असं पत्र आलं. कोणी रागावलं नाही, कोणी आवाज चढवला नाही, प्रदर्शन तिथं कायमचं ठेवलं आणि ते लिहिणाऱ्या मुलीची गरज संपली. ती आता वारज्यात एका कॉलेजात शिकवते, तेही तासांवर. तिचा राग माझ्यापेक्षा थंड आहे. जास्त टिकेल.

मी अधूनमधून तिथं जाते. रखवालदार ओळखतो, वही पुढं करतो, मी सही करते. वर जाऊन आधी चारही कोपरे बघते. गेल्या महिन्यात खालचा एक स्क्रू अर्धा बाहेर आलेला होता. आपोआप येतो की कोणी आणतं, माझ्याकडं पुरावा नाही. मी ऑफिसात जाऊन पेचकस मागितला. तिथल्या बाई म्हणाल्या, समाधान रजेवर आहे, सोमवारी बघू, तुम्ही निघा आता.

मी म्हटलं, "पेचकस द्या. न्हाईतर मी बसते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि ड्रॉवर उघडला.